लघुग्रहांचे रंग मोजायचेत? आधी वेधशाळा कोड घ्या : पात्रता, कागदपत्रं, अर्ज (सातारा-सांगलीकरांसाठी)

माण-खटाव, आटपाडी, जत हा आपला दुष्काळी पट्टा, पाऊस कमी पण आभाळ मोकळं, आणि तुमच्याकडं आठ इंची दुर्बीण, कूलिंगवाला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा अन् बी, व्ही, आर (निळा, हिरवट-पिवळा, लाल) फिल्टर असतील तर लघुग्रहांचे रंग गच्चीवरून मोजता येतात, खरंच येतात. वेधशाळा कोड म्हणजे तुमच्या निरीक्षणाच्या जागेचा ओळख क्रमांक; तो नसला तरी रंग मोजता येतील, पण तुमच्या मापावर बाहेरच्या संशोधकानं भरवसा ठेवायचा असेल तर कोड आधी घ्याच. तो देतं अमेरिकेतलं मायनर प्लॅनेट सेंटर, आणि फी काही नाही.

पात्रता म्हणाल तर डिग्री नको, संस्था नको, हौशी माणसालाही मिळतो. तीन अक्षर-आकड्यांचा हा कोड जागेचा असतो, माणसाचा नाही, त्यामुळं विट्याची दुर्बीण उचलून जतला कायमची नेली तर तिथला वेगळा घ्यावा लागतो.

कागदपत्रं म्हणजे ना सातबारा ना रहिवासी दाखला, तुमची निरीक्षणं हीच कागदपत्रं. नंबर मिळालेले (म्हणजे कक्षा पक्की झालेले) पाच-सहा लघुग्रह निवडायचे, १४-१५ प्रतीचे बरे पडतात (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका मंद), फार तेजस्वी नकोत कारण पिक्सेल भरून जातात. प्रत्येकाची जवळजवळच्या दोन रात्री, रात्रीला आकाशातल्या स्थानाची तीन ते पाच मापं घ्यायची, तुलनेच्या ताऱ्यांसाठी गाया ही ताऱ्यांच्या अचूक जागांची यादी वापरायची आणि स्थानातली चूक एक विकलेच्या (अंशाचा ३६०० वा भाग) आत ठेवायची. सोबत जीपीएसवरून अक्षांश, रेखांश, उंची, निरीक्षकाचं आणि मोजणाऱ्याचं नाव, दुर्बीण-कॅमेऱ्याची माहिती आणि ईमेल. कोडच्या जागी तात्पुरतं एक्सएक्सएक्स लिहायचं आणि एडीईएस या निरीक्षणं पाठवायच्या ठरलेल्या फॉरमॅटमधली फाइल सेंटरच्या वेबसाइटवरून पाठवायची.

वेळेकडं मात्र नीट बघा. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या आणि वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. १२ तारखेच्या पहाटे ३ ला घेतलेला फोटो यूटीसीत ११ तारखेचा रात्री साडेनऊचा होतो, एवढी एक तारीख चुकली तरी अख्खी रात्र वाया जाते.

आता रंगाचं. पृथ्वीवरून लघुग्रह नुसता ठिपका दिसतो, पण तो फिरताना रंग बदलला तर पृष्ठभागावर वेगवेगळे खडक आहेत असा अंदाज बांधता येतो. वेस्टा हा मोठा लघुग्रह साधारण ५ तास २० मिनिटांत एक फेरी मारतो आणि त्याचा रंग फेरीत बदलतो हे २०११ मध्ये नासाचं डॉन यान तिथं पोचायच्या कितीतरी आधी दुर्बिणीतून कळलं होतं. बी वजा व्ही (दोन फिल्टरमधल्या प्रतींचा फरक, मोठा आला की रंग जास्त लालसर) हा आकडा कार्बनवाल्या सी प्रकारात ०.७ च्या आसपास, खडकाळ एस प्रकारात ०.८५ च्या आसपास येतो, सूर्याचा ०.६५ धरा. फरक एवढासाच, म्हणून फिल्टरचा क्रम महत्त्वाचा: व्ही, बी, व्ही, आर, व्ही असं घ्या. लघुग्रह फिरत असल्यानं त्याची चमक दोन फोटोंच्या मधे बदलते, दोन्ही बाजूंच्या व्हीची सरासरी काढली की तो बदल रंगात मिसळत नाही. आणि सूर्य-लघुग्रह-पृथ्वी हा कोन रोज लिहून ठेवा, कोन वाढला की पृष्ठभाग जरा जास्त लालसर दिसतो, दगड तोच असला तरी.