संगणक व दूरचित्रवाणी संच यांची जोडणी

घरच्या संगणकावरचे चित्रपट आणि इतर व्हिडिओ टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर पाहता यावेत म्हणून ही दोन उपकरणे केबलने किंवा बिनतारी पद्धतीने जोडली जातात. हल्ली एका केबलवर काम भागते. मात्र केबल खोचली की चित्र नीट उमटेलच असे नाही, कारण चित्र दाखवण्याच्या दोघांच्या रीती वेगवेगळ्या वाटांनी घडल्या आहेत.

सुरुवातीला घरगुती संगणकाला स्वतःचा पडदा नसेच. १९८२ साली आलेले झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ घरच्या टीव्हीलाच जोडत. संगणकातला मॉड्युलेटर चित्राला प्रक्षेपणाच्या लहरींचे रूप देई आणि टीव्ही ते अँटेनाच्या खाचेतून एखाद्या वाहिनीसारखे पकडे. स्पेक्ट्रमच्या एका ओळीत ३२ अक्षरे मावत, कमोडोरच्या ४०. तेवढ्याला टीव्हीची स्पष्टता पुरेशी होती.

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत प्रत्येक चित्र सलग, पूर्ण आखले जाई. टीव्ही मात्र आधी विषम आणि मग सम रेषा आखत असे, तेही जवळपास निम्म्या वेगाने. त्यामुळे साधी केबल निरुपयोगी ठरली आणि मध्ये रूपांतरक बसवावा लागू लागला. नंतर संगणकात चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डांवरच एस-व्हिडिओ किंवा कंपोझिट या टीव्हीच्या जुन्या जोडणीपद्धतींची खाच आली. त्यातून चित्रपट बरा दिसे, पण अक्षरे वाचताना डोळे दुखत. संगणकावरच्या खिडकीच्या (विंडोच्या) चौकटीची एका रेषेइतकी बारीक आडवी कड तर सतत लुकलुके, कारण ती प्रत्येक दुसऱ्या फेरीतच आखली जाई.

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय या जोडणीपद्धतीचे पहिले मानक जाहीर झाले आणि चित्र व आवाज एकाच १९ पिनांच्या केबलमधून अंकीय रूपात जाऊ लागले. जोडताक्षणी टीव्ही आपल्याला झेपणारी रेझोल्यूशन्स (चित्रातल्या बिंदूंची आडवी-उभी संख्या) संगणकाला कळवतो. २००९ च्या १.४ आवृत्तीत ४के (सुमारे चार हजार बिंदू रुंदीचे) चित्र सेकंदाला ३० वेळांपर्यंतच पाठवता येई. २०१३ च्या २.० आवृत्तीने ही मर्यादा ६० वर नेली. चित्रपटाला ३० पुरतात, माउसचा बाण मात्र अडखळतो. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए असेल, तर दोन टोकांना दोन प्लग असलेली नुसती केबल चालत नाही. संकेत बदलणारा रूपांतरक लागतोच, आणि व्हीजीएतून आवाज जात नसल्याने त्याची वायर वेगळी ओढावी लागते.

खरे घोडे पेंड खाते ते टीव्हीच्या जुन्या सवयींपाशी. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा स्थिर नसत, म्हणून चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे आखून कडा झाकून टाकत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी अनेक संच ते आजही करतात. मग खालची टास्कबार अर्धी गायब होते, डावीकडच्या आयकॉनांची नावे कापली जातात आणि ताणलेले चित्र धूसरही होते. यावर उपाय टीव्हीच्या मेन्यूतच शोधावा. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशी त्याची नावे कंपनीगणिक बदलतात. काही संचांत इनपुटला ‘पीसी’ हे नाव दिले तरी काम होते. ग्राफिक्स कार्डातून चित्र आक्रसून बसवणे ही निव्वळ मलमपट्टी, कारण तेच चित्र आधी लहान आणि मग पुन्हा मोठे होते.

रंगांचेही तसेच. संगणक काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ मानतो, तर व्हिडिओच्या परंपरेत हेच आकडे १६ आणि २३५ आहेत. संगणक पूर्ण पट्टा पाठवत असेल आणि टीव्ही मर्यादित धरून बसला असेल, तर रात्रीच्या दृश्यांतले बारकावे काळोखात बुडतात. उलट झाले तर काळा रंग राखाडी दिसतो. दोन्हीकडची सेटिंग एकच हवी. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचे (फ्रेमचे) असतात. ६० हर्ट्झवर, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र आखत असताना, त्यांतली एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, म्हणून कॅमेरा संथपणे फिरताना चित्र हिसके देते. चित्रपटापुरते २४ हर्ट्झ निवडले की हा दोष जातो.

चित्र आले पण आवाज संगणकातूनच येतो, ही नेहमीची तक्रार. ध्वनीच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडला की ती मिटते. आवाज वेगळ्या स्पीकरला दिला, तर तो ओठांच्या हालचालीआधी ऐकू येऊ शकतो, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ हा विलंब घटवतो. सशुल्क सेवांचे व्हिडिओ एचडीसीपी या नक्कलरोधक पद्धतीने बांधलेले असतात. साखळीतले एखादे उपकरण ती जाणत नसेल, तर पडदा काळा राहतो किंवा चित्राचा दर्जा खालावतो. घरी टिपलेल्या व्हिडिओंना ही आडकाठी नाही.

बिनतारी जोडणीत मिराकास्ट (२०१२) संगणकाचा पडदा जसाच्या तसा दाखवते. त्यासाठी चित्र सतत संकुचित करून पाठवावे लागते, त्यामुळे वाय-फाय कमजोर असले की ते अडकते. क्रोमकास्टसारख्या (२०१३) साधनांत टीव्हीकडचे यंत्र व्हिडिओ थेट इंटरनेटवरून घेते आणि संगणक रिमोटपुरता उरतो. डीएलएनए पद्धतीत टीव्ही घरच्या नेटवर्कवरून संगणकातली फाइल मागवतो, पण ती उलगडणे त्याला जमले पाहिजे. नाहीतर आवाज किंवा उपशीर्षके गळतात. केबलने जोडल्यावर फाइल संगणकच उलगडतो, त्यामुळे संगणकावर जे चालते ते टीव्हीवरही चालते.