घरच्या लेथवर बुश काढणाऱ्या ग्राहकांसाठी

जुन्या गाडीचा मालक आमच्याकडे येतो तेव्हा हातात झिजलेला बुश (पिन ज्यात बसते ती धातूची नळी) असतो आणि मागणी एकच, ‘असाच एक काढून द्या.’ हल्ली घरी छोटा लेथ घेतलेले ग्राहकही वाढलेत. ते बुश मागत नाहीत, बारचा तुकडा मागतात आणि जाता जाता दहा प्रश्न विचारतात. हे पत्रक त्यांच्यासाठी. उदाहरण किंगपिनच्या (पुढचं चाक वळताना ज्या उभ्या पिनभोवती फिरतं तिच्या) ब्राँझ बुशचं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते.

माप कशाचं घ्यायचं

जुन्या बुशचं नाही. आतून तो झिजलेला असतो आणि ठोकून बाहेर काढताना बाहेरूनही दबतो. बाहेरचा व्यास ठरतो स्टब अ‍ॅक्सलच्या (चाक ज्यावर बसतं त्या आखूड आसाच्या) भोकावरून, आतला ठरतो पिनवरून. पिन एका बाजूने खाल्लेली असते, म्हणून मायक्रोमीटर ९० अंशांत फिरवून दोनदा माप घ्या. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बुशांच्या मधल्या भागावर घासणं होत नाही, तिथे पिनचं मूळ माप सापडतं. झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागात ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला, तर नवा बुश त्या पिनवर वाया घालवू नका. आधी पिन बदला.

भोकाचं माप व्हर्निअरने घेऊ नका. त्याचे आतले जबडे गोलाईत नीट टेकत नाहीत आणि माप कमी दाखवतात. टेलिस्कोपिक गेज किंवा बोअर गेज लागेल. नसेल तर स्टब अ‍ॅक्सल साफ करून घेऊन या, आम्ही मोजून कागदावर लिहून देतो.

इंग्लिश गाडी म्हणजे इंच आणि इटालियन म्हणजे मिलिमीटर, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो. फियाटवाल्यांना काळजी नाही. मॉरिसवाल्यांनी मात्र जपावं. कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना मॉरिसने १९२३ साली घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती. त्यामुळे मॉरिसच्या कित्येक जुन्या इंजिनांत आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थ (ब्रिटिश, इंचातल्या मापाच्या) पान्याचं, असा संसार आढळतो. पाना बसला म्हणून आटा ओळखला असं धरू नका, पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) लावा.

माल

किंगपिनला फॉस्फर ब्राँझ द्या. हलक्या कामाला एलजी-२ गनमेटल पुरतं (तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५ टक्के). शिशामुळे ते लेथवर मऊ चालतं. भंगारातला पिवळा बार मात्र नको. तो बहुतेक पितळेचा निघतो आणि पितळ इथे टिकत नाही.

लेथवर

टूल धारदार हवं, वरचा रेक (धारेमागचा उतार) शून्य. ड्रिल ब्राँझमध्ये एकदम आत ओढलं जातं, म्हणून त्याच्या धारेवर ऑइलस्टोन फिरवून तिथला रेकही मोडून टाका. भोक ड्रिलने फक्त मोकळं करायचं, माप बोअरिंग बारने आणायचं. बाहेरचा आणि आतला व्यास एकाच पकडीत घ्या, कापून वेगळा सगळ्यात शेवटी. चकमधून काढून उलटा धरला की मध्य हलला.

भोक २५.०० मिमी असेल तर बुश बाहेरून २५.०३ ठेवा, हे जास्तीचे ०.०३ मिमी म्हणजे भोकातली पकड. आत अंतिम मापापेक्षा ०.१५ मिमी कमी ठेवा, कारण दाबून बसवल्यावर बुश आतून आणखी आवळतो. माप घेताना बुश थंड असू द्या. हाताला चटका बसेल इतका गरम, म्हणजे खोलीपेक्षा ४० अंश जास्त असेल, तर २५ मिमीचा बुश १८ मायक्रॉन (०.०१८ मिमी) मोठा दिसतो. भोकातली निम्मी पकड त्यातच गेली.

हाच गुण बसवताना कामी येतो. बुश रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला की जवळपास २० मायक्रॉन आकसतो आणि व्हाइसमध्ये किंवा लांब बोल्टने ओढून सहज जातो. (घरच्यांना विचारून ठेवा.) हातोडा नको. ग्रीसचं भोक निपलसमोर आलं का, हे बुश पूर्ण आत जाण्याआधी पाहा. नंतर तो फिरत नाही.

रीमर (भोक अंतिम मापाला आणणारं हत्यार) मात्र दोन्ही बुशांतून एकाच वेळी, लांब पायलटचा (पुढे सरळ वाट दाखवणाऱ्या दांड्याचा) चालवायला हवा. वरचा वेगळा आणि खालचा वेगळा केला तर पिन तिरकी अडते आणि स्टीअरिंग जड होतं. असा रीमर घरी नसतो, तेवढं काम आमच्याकडे द्या.

जे घरी करू नये

किंगपिन, टाय-रॉडचे बॉल, ब्रेकचा कोणताही भाग. पिनला केस हार्डनिंग (वरचा थर कडक करणं) आणि ग्राइंडिंग लागतं, साध्या माइल्ड स्टीलची पिन रस्त्यावर मोडू शकते. कोणी कितीही आग्रह केला तरी त्या कामासाठी आम्ही बार कापून देत नाही.

स्टार्टर मोटरचे सच्छिद्र ब्राँझ बुश आमच्याकडे तयार मिळतात. त्यांना रीमर किंवा पॉलिश पेपर लावू नका, छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येत नाही. बसवण्याआधी २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

बार आम्ही तुकड्यात, वजनावर देतो. तयार लांबीपेक्षा २५ मिमी जास्त मागा, चकच्या पकडीला तेवढं जातंच. कुरिअरने पिन पाठवणार असाल तर तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि गाडीचं मॉडेल व साल चिठ्ठीवर लिहा.