मोठा कुत्रा आणायचा तर बंगलाच हवा का?

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की शेल्टरमधून, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यातून, मोठा कुत्रा आणायचा तर बंगला आणि अंगण हवंच, फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात. असं वाटणं साहजिक आहे, देह केवढा दिसतो ना. पण त्याला किती जागा लागते हे उंचीवर नाही, तर अंगातल्या एनर्जीवर आणि वयावर जास्त ठरतं. ग्रेट डेन एवढा थोराड पण घरात बराच वेळ लोळत पडतो, ग्रेहाउंड पळण्यात एक नंबर पण घरात झोपाळू, आणि उलट छोटासा जॅक रसेल टेरियर दिवसभर घर डोक्यावर घेतो. नुसत्या अंगणाने व्यायाम होत नाही, एकटा सोडला की बरेचदा थोडं हुंगून तो दाराशीच येऊन बसतो, त्याला हवं असतं तुमच्यासोबत रोज नीट फिरणं.

तपासायचं कसं? पिंजऱ्यासमोर उभं राहून ठरवू नका प्लीज, तिथे गोंगाट असतो, सगळे भुंकतात, मग एरवी शांत असणाराही जाळीवर उड्या मारतो. लीश लावून अर्धा तास फिरवा, मग शांत खोलीत बसा आणि बघा, पायाशी आडवा होतो की येरझाऱ्या घालत राहतो. त्याला रोज खायला घालणाऱ्यांना विचारा, एकटा राहतो का, जिने चढतो का. फॉस्टरिंगची, म्हणजे तात्पुरतं सांभाळायची सोय असेल तर आधी काही दिवस घरी नेऊनच बघा. खर्च मात्र खरंच जास्त येतो, खाणं आणि औषधांचा डोस दोन्ही वजनाप्रमाणे वाढतं, तो हिशोब आधीच करा.