साठवण साधनांचा सामायिक वापर (फर्मवेअर व ऑपरेटिंग सिस्टिम)

संगणकातील हार्ड डिस्क किंवा एसएसडी हिला एकामागून एक दोन धनी असतात. मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर तिच्यातून ऑपरेटिंग सिस्टिमचा पहिला तुकडा वाचते आणि त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे प्रोग्रॅम) लावून तिचा ताबा घेते. डिस्कचा कोणता भाग कोणी, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात वापरायचा याचे नियम दोन्ही बाजूंनी पाळले, तरच संगणक सुरू होतो.

आयबीएम पीसीमध्ये (१९८१) फर्मवेअरला बायोस म्हणत. डॉस ही त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरील वाचन-लेखनासाठी ‘इंट १३एच’ ही बायोसची सेवाच वापरत असे, त्यामुळे ताबा बदलण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. हार्ड डिस्कसाठी १९८३ मध्ये आलेल्या मास्टर बूट रेकॉर्डची रचना अतिशय काटकसरीची होती : ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये (डिस्कवरील साठवणीच्या सर्वांत लहान कप्प्यामध्ये) ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या स्वतंत्र विभागांच्या) नोंदींसाठी आणि २ बाइट ओळखचिन्हासाठी. बायोसला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. पहिला सेक्टर मेमरीत आणून त्यातील प्रोग्रॅम सुरू केला की संगणक सुरू करण्यातले त्याचे काम संपे. सेक्टरचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरांची सुमारे २ टीबीपेक्षा मोठी डिस्क या पद्धतीने पूर्ण वापरता येत नाही. पुढे विंडोज एनटी आणि लिनक्स यांनी स्वतःचे ड्रायव्हर आणले आणि बायोस केवळ सुरुवातीपुरता उरला. विंडोज ९५ मात्र योग्य ड्रायव्हर मिळाला नाही, तर जुन्या पद्धतीवर परत जाई आणि संगणक लक्षात येण्याइतका मंदावे.

इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी विकसित केलेल्या ईएफआयपासून पुढे यूईएफआय हे बायोसची जागा घेणारे मानक तयार झाले आणि २००५ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे. या मानकाने फर्मवेअरला फाइली वाचता येऊ लागल्या. त्यासाठी डिस्कवर ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ हे दोघांच्या सामायिक वापराचे पार्टिशन असते आणि त्याची फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची पद्धत) फॅट असते. फॅट जुनी आहे, तिच्यात जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही आणि परवानग्यांची सोयही नाही. पण ती इतकी साधी आहे की कोणत्याही कंपनीच्या फर्मवेअरला तिचा ड्रायव्हर सहज सामावून घेता येतो, आणि या कामासाठी तोच गुण निर्णायक ठरला. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम तेथे आपापल्या फोल्डरमध्ये बूटलोडर (ती सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ठेवते आणि त्याचा पत्ता मदरबोर्डवरील कायमस्वरूपी मेमरीत नोंदवते. तशी नोंद नसेल, तर फर्मवेअर ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या नावाची फाइल शोधते. एकाच पेन ड्राइव्हवरून वेगवेगळे संगणक सुरू करता येतात ते याच सोयीमुळे.

ताबा बदलण्याचा क्षण ‘एक्झिटबूटसर्व्हिसेस’ या कॉलने निश्चित होतो. तो देताना बूटलोडरला मेमरीच्या ताज्या नकाशाची (कोणता भाग कशासाठी वापरात आहे या यादीची) किल्ली, म्हणजे ओळख-क्रमांक, सादर करावी लागते. दरम्यान नकाशा बदलला असेल, तर कॉल फेटाळला जातो आणि नकाशा पुन्हा मागवावा लागतो. कॉल यशस्वी झाला की फर्मवेअरचे डिस्क-ड्रायव्हर निकालात निघतात व मोजक्या रनटाइम (ऑपरेटिंग सिस्टिम चालू असतानाही वापरता येणाऱ्या) सेवा तेवढ्या शिल्लक राहतात.

तरीही काही संगणकांत फर्मवेअरचा एक भाग पडद्याआड डिस्क-कंट्रोलर (डिस्क व संगणक यांना जोडणारी चिप) हाताळत असू शकतो. म्हणून एएचसीआय या साटा डिस्क-कंट्रोलरांच्या मानकाच्या १.२ आवृत्तीत ताब्यासाठी एक रजिस्टर (कंट्रोलरमधील छोटी नोंदजागा) ठेवलेले आहे. ऑपरेटिंग सिस्टिम त्यात आपला बिट चढवून (१ करून) ताबा मागते आणि फर्मवेअर आपला बिट उतरवून तो सोडते. २५ मिलिसेकंदांत फर्मवेअरने ‘व्यग्र’ असा बिट चढवला, तर त्याला हातातले काम उरकण्यासाठी किमान २ सेकंद द्यावे लागतात. यूएसबी कंट्रोलरांसाठीही अशीच तरतूद आहे, आणि फर्मवेअरने दाद दिली नाही की लिनक्सच्या नोंदींत ‘बायोस हँडऑफ फेल्ड’ असा संदेश उमटतो.

सामायिक पार्टिशनाला मात्र असे कोणतेही कुलूप नाही, आणि या व्यवस्थेची खरी कमजोरी तेथेच आहे. विंडोजच्या स्थापनेत ते अनेकदा जेमतेम १०० एमबीचे बनते. त्याच संगणकावर लिनक्स बसवून तिचे कर्नलही (गाभ्याचा प्रोग्रॅमही) तेथेच ठेवले, तर जागा लवकर संपते. विंडोज हायबरनेट अवस्थेत (मेमरीतील सारे डिस्कवर जपून संगणक बंद) असताना दुसऱ्या प्रणालीने तेथे लिहिले, तर विंडोजने आपल्या मेमरीत धरून ठेवलेली माहिती व डिस्कवरील प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बिघडू शकतो. दोन डिस्कांवर सॉफ्टवेअर रेडने (अनेक डिस्का एकत्र चालवण्याच्या पद्धतीने) आरसाप्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर अडचण आणखी सूक्ष्म असते. रेडची माहिती पार्टिशनच्या शेवटी ठेवली, तर फर्मवेअरला प्रत्येक प्रत साधे फॅट पार्टिशन म्हणून दिसते व वाचन बिनबोभाट होते. परंतु रेडची त्याला कल्पना नसल्याने त्याने एखादी फाइल लिहिलीच, तर ती एकाच डिस्कवर जाते आणि दोन्ही प्रतींत फरक पडतो. सर्व्हरसाठीच्या प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणाली म्हणूनच प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवतात आणि कर्नल बदलला की त्याच्या फाइली प्रत्येकात वेगळ्याने उतरवतात.