मॉडेल रेल्वेचे नियंत्रण मोबाइलवर कसे आले

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि जवळपास शतकभर धावून रुंदीकरणात कायमची थांबली. तिच्या रुळांमधले ७६२ मिलिमीटरचे अंतर १:८७ या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणून बाजारात सहज मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळांवर ती गाडी घरच्या टेबलावर पुन्हा धावू शकते. लातुरात माझ्याकडे ती तशी धावते, आणि तिचे नियंत्रण सिमकार्ड काढलेल्या एका जुन्या मोबाइलवरून होते. पाहायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, की यासाठी नेट लागते का. नेट लागत नाही. का लागत नाही, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

चावीच्या गाड्यांनंतर विजेच्या गाड्या आल्या, तेव्हा रुळांतून वाहणारी वीज हाच गाडीला मिळणारा हुकूम होता. व्होल्टेज वाढवले की वेग वाढायचा, विजेची दिशा उलटली की गाडी मागे यायची. परिणामी एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम निघायची. त्यावर उपाय म्हणून रुळांचे विजेचे वेगवेगळे भाग पाडून प्रत्येकाला बटण बसवू लागले. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा मिळाल्याशिवाय चालक पुढच्या टप्प्यात शिरत नसे, त्याचीच ही घरगुती आवृत्ती म्हणता येईल. मात्र यात चालवणाऱ्याचे सगळे लक्ष गाडीऐवजी बटणांकडे राहायचे, आणि तो स्वतः टेबलाच्या एका कोपऱ्याला बांधला जायचा.

वीज आणि हुकूम वेगळे करण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. जनरल इलेक्ट्रिकने १९६०च्या दशकात ॲस्ट्रॅक ही प्रणाली काढली होती. खरी उकल झाली ती १९८०च्या दशकात, जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामातून. तिच्या पद्धतीवर आधारलेले डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) हे मानक अमेरिकेतील राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने १९९०च्या दशकात स्वीकारले. यात रुळांवर पूर्ण वीज कायम असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते. बदलाचा अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, आणि सुमारे १०० मायक्रोसेकंदांचा असेल तर ०. इंजिनातला नखाएवढा डिकोडर हे आकडे वाचतो आणि आपल्या पत्त्यावर आलेला हुकूम तेवढा पाळतो. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. तो बदलला की एकाच रुळावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच आहे. हुकूम एकदा आकड्यांचा झाल्यावर तो वायरीने आला, रेडिओने आला की मोबाइलने, याने इंजिनाला काहीही फरक पडत नाही.

रेडिओवर चालणारे हातातले कंट्रोलर आलेही, पण प्रत्येक माणसामागे एक महागडा संच घेणे भाग होते. इथे उपयोगी पडले जेएमआरआय हे मॉडेल रेल्वे संगणकावरून चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर. ते उभे करणारे कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन यांना त्यासाठी न्यायालयातही लढावे लागले. मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असा निर्णय अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने ऑगस्ट २००८मध्ये दिला, आणि जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरला त्याचा आधार मिळाला. त्याच्याच आदल्या महिन्यात ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले होते. पुढे आयफोनसाठी वायथ्रॉटल आणि अँड्रॉइडसाठी इंजिन ड्रायव्हर ही ॲप आली, आणि दोन्ही जेएमआरआयशी एकाच साध्या, उघड भाषेत बोलू लागली. २०१२मध्ये रोको या मॉडेल रेल्वे कंपनीने झेड२१ हे मोबाइल-टॅबलेटवरून चालणारे कमांड स्टेशन, म्हणजे रुळांवर हुकूम पाठवणारे यंत्र, आणले. त्यानंतर आर्डुइनो या छोट्या, स्वस्त संगणकीय बोर्डावर आधारलेल्या डीसीसी-ईएक्स या मुक्त कमांड स्टेशनने हे काम हौशी माणसाच्या खिशाला परवडेल असे केले. त्याला जोडलेला वायफायचा छोटा बोर्ड स्वतःचेच वायफाय तयार करतो, म्हणून लातुरातले नेट दिवसभर बंद असले तरी गाडी धावते.

मोबाइलच्या काचेवर एक उणीव मात्र उरली होती. गोल मूठ बोटांना न पाहता कळते, काच कळत नाही. इंजिन ड्रायव्हरमध्ये आवाजाच्या बटणांनी वेग कमी-जास्त करण्याची सोय आहे; मी तीच वापरतो, त्यामुळे नजर गाडीवरून हलत नाही. शिवाय मोबाइल ठरावीक सेकंदांनी आपण जोडलेले असल्याची खूण पाठवत राहतो. एकदा गाडी बार्शीच्या वळणावर असताना मोबाइलची बॅटरी संपली. खूण थांबली, आणि टेबलाच्या कडेपासून वीतभर अंतरावर इंजिन आपोआप उभे राहिले.