क्लाउड ऑर्केस्ट्रेशनमधील माहितीगळती: पार्श्वभूमी

क्लाउडवर एखादी यंत्रणा उभारायची तर सर्व्हर, डिस्क, नेटवर्क, डेटाबेस आणि त्यांचे परस्परसंबंध एका टेम्पलेटमध्ये लिहून द्यायचे आणि प्रत्यक्ष उभारणी सॉफ्टवेअरवर सोपवायची, ही पद्धत आता रूढ झाली आहे. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०११ मध्ये क्लाउडफॉर्मेशन ही सेवा सुरू केली आणि तिच्याच धर्तीवर ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये हीट हा प्रकल्प आकाराला आला. वापरकर्त्याच्या वतीने कामे करायची असल्यामुळे अशा ऑर्केस्ट्रेशन सॉफ्टवेअरच्या हाती डेटाबेसचे पासवर्ड, एपीआय की आणि इतर सेवांचे टोकन द्यावेच लागतात. त्यातून माहिती बाहेर पडल्याच्या घटना पाहिल्या तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. गुपिते बहुधा एन्क्रिप्शन फोडून बाहेर पडलेली नाहीत. लॉग (सॉफ्टवेअर आपल्या कामाच्या लिहीत जाते त्या नोंदी), त्रुटी दाखवणारे संदेश, माहिती दाखवणाऱ्या साध्या कमांड आणि न पुसलेल्या डिस्क अशा, सुरक्षेच्या दृष्टीने फारसे लक्ष न गेलेल्या वाटांनीच ती निसटली आहेत.

नासा आणि रॅकस्पेस यांनी जुलै २०१० मध्ये ओपनस्टॅक जाहीर केले. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले अनेक ग्राहक एकाच हार्डवेअरवर नांदणार, हे त्यात गृहीतच होते, आणि पहिल्या मोठ्या गळतींपैकी एक नेमकी या गृहीतकाला धक्का देणारी होती. डिसेंबर २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या सीव्हीई-२०१२-५६२५ नुसार (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा नोंद क्रमांक), एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापन पद्धतीने साठवलेल्या व्हर्च्युअल मशीनची जागा नव्या मशीनला देताना नोव्हा हा मशीन चालवणारा ओपनस्टॅकचा भाग जुना मजकूर नीट पुसत नव्हता. परिणामी नव्या ग्राहकाला आपल्या डिस्कवर आधीच्या ग्राहकाचा डेटा वाचता येत असे. त्यासाठी कुठलेही घुसखोरीचे तंत्र लागत नव्हते.

हीटची कहाणी वेगळ्या वळणाची आहे. ऑक्टोबर २०१३ च्या हवाना आवृत्तीत हीट ओपनस्टॅकच्या मुख्य प्रकाशनात आले. त्याच्या टेम्पलेटमध्ये एखाद्या पॅरामीटरला ‘हिडन’ अशी खूण करता येते. मग स्टॅकची, म्हणजे टेम्पलेटवरून उभ्या राहिलेल्या यंत्रणेची, माहिती मागवली की पासवर्डच्या जागी फक्त तारका दिसतात. तारका पाहून वापरकर्ता निर्धास्त होतो, पण ही खूण मुळात माहिती दाखवण्यापुरती आहे. डेटाबेसमध्ये साठवताना तेच मूल्य एन्क्रिप्ट करायचे असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये वेगळी सोय सुरू करावी लागते. दाखवण्यापुरत्या अशा संरक्षणाची मर्यादा सीव्हीई-२०२३-१६२५ मध्ये उघडी पडली. लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला ‘स्टॅक शो’ या अगदी नेहमीच्या कमांडमधून लपवलेली पॅरामीटर वाचता येत होती. मला ही त्रुटी या विषयातली सर्वांत बोलकी वाटते, कारण जो पडदा घालायचा तोच इथे विरला होता. त्याआधी सीव्हीई-२०१६-९१८५ मध्ये हीटच्या दुसऱ्या एका सवयीचा गैरवापर दिसला होता. टेम्पलेट यूआरएलवरून आणण्याची मुभा असल्यामुळे वापरकर्ता अंतर्गत पत्ता देऊन हीटलाच तिकडे पाठवू शकत असे आणि मिळणाऱ्या प्रतिसादावरून आतल्या नेटवर्कची रचना ताडू शकत असे.

सर्वांत चिवट ठरली ती डिस्क इमेजच्या, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या, फाइलींची समस्या. क्यूकाऊ२ आणि व्हीएमडीके या स्वरूपांत मशीनचा डेटा त्याच फाइलीत असायलाच हवा असे नाही. ‘उरलेला डेटा अमुक मार्गावरच्या फाइलीत आहे’ असा निर्देश इमेजमध्ये लिहिता येतो. वापरकर्त्याने त्या मार्गाच्या जागी होस्ट सर्व्हरवरच्या एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलीचा मार्ग लिहिला आणि इमेज अपलोड केली, तर तिचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम निमूटपणे ती फाइल उघडतो आणि तिचा मजकूर वापरकर्त्याच्या डिस्कमध्ये आणून ठेवतो. व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या सिंडरमध्ये २०१५ मध्येच क्यूकाऊ२ची अशी त्रुटी नोंदली गेली होती (सीव्हीई-२०१५-१८५१). जानेवारी २०२३ मध्ये हाच प्रकार व्हीएमडीकेच्या वाटेने आला आणि सिंडर, इमेज सांभाळणारे ग्लान्स आणि नोव्हा हे तिन्ही प्रकल्प त्यात सापडले. जुलै २०२४ मध्ये क्यूकाऊ२च्या बाह्य डेटा फाइलीतून तो पुन्हा आला (सीव्हीई-२०२४-३२४९८), आणि त्याच महिन्यात नोव्हासाठी सीव्हीई-२०२४-४०७६७ ही आणखी एक नोंद करावी लागली, कारण इमेज ‘रॉ’ (कुठल्याही निर्देशांविना नुसता डेटा) असल्याचे सांगून प्रत्यक्षात दुसऱ्या स्वरूपाची फाइल दिली तर आधीच्या दुरुस्त्या अपुऱ्या पडत होत्या. प्रत्येक वेळी बंद झाला तो एका स्वरूपातला एक रस्ता. वापरकर्त्याने दिलेल्या फाइलीच्या वर्णनावर भरवसा ठेवण्याची मूळ पद्धत मात्र तशीच राहिली होती.

गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटीस हे कंटेनर (ॲप्लिकेशनची स्वतंत्र पॅकेजे) चालवणारे ऑर्केस्ट्रेशन सॉफ्टवेअर जाहीर केले. गुपितांसाठी त्यात पुढे ‘सीक्रेट’ नावाची स्वतंत्र सोय झाली. सीक्रेटमधील मूल्ये बेस६४ या साध्या अक्षर-रूपांतर पद्धतीने लिहिलेली असतात. ते एन्क्रिप्शन नसल्यामुळे एका कमांडने कोणालाही ती मूळ रूपात आणता येतात. शिवाय इटीसीडी या साठ्यात ती मुळातल्या सेटिंगनुसार एन्क्रिप्ट न करताच ठेवली जातात. तिथे एन्क्रिप्शन करण्याची सोय १.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ मध्ये, आली. लॉगचा धोका तर वारंवार दिसला. सीव्हीई-२०१९-११२५० नुसार लॉगची पातळी सात किंवा त्याहून वर नेली की क्लायंट लायब्ररी विनंतीच्या हेडरमधले टोकन जसेच्या तसे लॉगमध्ये लिहीत असे. अडचण शोधण्यासाठीच पातळी वाढवली जाते आणि तेच लॉग पुढे अनेकांच्या हाती जातात, हे ध्यानात घेतले की या त्रुटीचे गांभीर्य कळते. २०२० मध्ये याच धाटणीच्या आणखी काही त्रुटी नोंदल्या गेल्या. व्हीस्फिअर (व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर) आणि सेफ (साठवणीचे सॉफ्टवेअर) यांची क्रेडेन्शियल, म्हणजे प्रवेशासाठीची गुपिते, त्यांतून लॉगमध्ये उतरत होती.

ज्या क्लाउडफॉर्मेशनच्या धर्तीवर हीट बेतले गेले, तेही सुटले नाही. ऑर्का सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये त्यातली एक्सएमएल वाचण्याच्या पद्धतीतली त्रुटी जाहीर केली. ॲमेझॉनच्या अंतर्गत सर्व्हरवरील फाइली तिच्यातून वाचता येत होत्या. ॲमेझॉनने ती जाहीर होण्याआधीच दुरुस्त केली होती.

कुबरनेटीसवर ॲप्लिकेशनची उभारणी करणाऱ्या आर्गो सीडी या सॉफ्टवेअरमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-५५१९० ही त्रुटी याच परंपरेतली आहे. सीक्रेट पाहण्याची परवानगी नसलेल्या टोकननेही प्रकल्पाचा तपशील मागवता येत असे, आणि त्या तपशिलासोबत कोडच्या रिपॉझिटरीचे युजरनेम आणि पासवर्ड परत येत असत.