सोनं सोडा, लोखंड शोधा

मे २०१५ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत धातूच्या एका लगडीचा फोटो झळकला. मादागास्करच्या सेंत मारी बेटाजवळ समुद्रतळावरून काढलेली ही सुमारे ५० किलोची लगड चांदीची आहे आणि ती कॅप्टन विल्यम किड या चाच्याच्या खजिन्यातली आहे, असा शोधपथकाचा दावा होता. राष्ट्राध्यक्षांच्या हजेरीत समारंभही झाला. दोनच महिन्यांत युनेस्कोच्या तज्ज्ञांनी लगड तपासली, तर तिच्यात ९५ टक्के शिसं! जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी वजन ठेवतात, त्याला नीरम म्हणतात; ही त्यातलीच लगड. किडचं जहाज म्हणून दाखवलेले अवशेष तर बंदराच्या बांधकामाचे निघाले.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो. उपग्रहातून रस्त्यावरची मोटार दिसते, मग किनाऱ्यावर दोन मीटर वाळूखाली पुरलेली सोन्याची पेटी का दिसू नये? प्रश्न रास्त आहे. उत्तरात मात्र सोन्याचा संबंध फार थोडा. सगळी मेख आहे अंतराच्या सहाव्या घातात.

आधी इतिहासाचं उरकून घेऊ. चाचे पेट्या पुरत फिरायचे, हा समज मुख्यतः गोष्टींनी पसरवला. त्यांच्या लुटीत रोकड कमी आणि माल जास्त असे. किडने १६९८ च्या सुरुवातीला मलबार किनाऱ्याजवळ सुरतेकडे निघालेलं क्वेदा मर्चंट हे जहाज पकडलं, त्यात होतं कापड, रेशीम, साखर, अफू. असला माल पुरायचा नसतो, विकायचा असतो. रोकड हाती लागलीच तर तिचे हिस्से होत आणि पुढच्या बंदरात ती उडे. किडने १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर खरोखरच काही ऐवज पुरला, पण बेटाच्या मालकाला ते ठाऊक होतं. त्याच उन्हाळ्यात गव्हर्नरने तो खणून काढला आणि पुरावा म्हणून लंडनला धाडला. १७०१ मध्ये किड फासावर गेला. ‘उरलेला’ खजिना मात्र तीनशे वर्षं लोक शोधताहेत.

आता शोधायचं कसं? उपग्रहाचे कॅमेरे वाळूच्या पृष्ठभागापाशीच थांबतात. जमिनीत रेडिओ लहरी सोडून पाहणारं रडार कोरड्या मातीत छान चालतं, पण समुद्राचं पाणी मिठामुळे वीजवाहक असतं आणि वाहक पदार्थ रेडिओ लहरी गिळून टाकतो. १०० मेगाहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यात दोन-अडीच सेंटीमीटर जाईतो एक तृतीयांशावर येते. कंपनसंख्या उतरवत १० किलोहर्ट्झपर्यंत आणली की तोच टप्पा दोन मीटरच्या पुढे जातो. म्हणून किनाऱ्यावर राज्य चालतं कमी कंपनसंख्येच्या साध्या मेटल डिटेक्टरचं.

हे यंत्र म्हणजे दहावीच्या पुस्तकातला फॅरडे. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह जन्मतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचं छोटं चुंबकीय क्षेत्र उभं करतात आणि कॉइल ते टिपते. किनाऱ्यासाठी यातला ‘पल्स इंडक्शन’ हा प्रकार मला सगळ्यात देखणा वाटतो. त्यात कॉइलमधला प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा अचानक तोडतात, मग यंत्र गप्प बसून ऐकतं. प्रवाह तुटताच आसपासच्या प्रत्येक वाहक वस्तूत एडी करंट उसळतात आणि विझू लागतात. कुठले किती वेळात विझतात, यातच सगळी माहिती आहे. खाऱ्या पाण्यातले साधारण १० मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) संपतात. जुन्या स्पॅनिश चांदीच्या जाड नाण्यातले शंभराहून अधिक मायक्रोसेकंद टिकतात. म्हणून यंत्राने पहिले १०-१५ मायक्रोसेकंद कानावर हात ठेवायचे आणि मग ऐकायचं: समुद्र गायब, नाणं हजर! याची किंमतही मोजावी लागते. सोन्याच्या बारीक साखळीतले प्रवाह पाण्याइतक्याच झटपट विझतात, त्यामुळे पाण्याबरोबर साखळीही गायब होते.

विझायला लागणारा वेळ ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरतो: धातूची वाहकता आणि वस्तूच्या आकारमानाचा वर्ग. या दोहोंचा गुणाकार यंत्राला कळतो, त्यातले दोन घटक वेगळे कळत नाहीत. चांदीची वाहकता शिशाच्या सुमारे १३ पट. १३ चं वर्गमूळ साधारण ३.६. म्हणजे चांदीच्या तुकड्यापेक्षा लांबी-रुंदी-जाडीने ३.६ पट मोठा शिशाचा तुकडा घ्या; दोघांचे प्रवाह सारख्याच वेळात विझतील. सेंत मारीच्या लगडीवर डिटेक्टर धरला असता तर त्यालाही ती शिशाची की चांदीची, हे खात्रीने सांगता आलं नसतं. ‘फक्त सोनं ओळखणारं यंत्र’ अशी जाहिरात दिसली की हा गुणाकार आठवावा.

(काळ्या वाळूचा त्रास आणखी वेगळा. तिच्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, त्याचे सूक्ष्म कण क्षेत्र तुटल्यावर हळूहळू ‘विसावतात’ आणि त्यांचा संकेत धातूतल्या प्रवाहांसारखा झपाट्याने न उतरता काळाच्या व्यस्त प्रमाणात सावकाश उतरतो. दोन वेगवेगळ्या क्षणी मोजून योग्य पटीने वजाबाकी केली की तो खोडता येतो, पण त्या वजाबाकीत ठरावीक विझणवेळेच्या काही खऱ्या वस्तूही खोडल्या जातात. कंसात एवढंच पुरे.)

आता सहावा घात. कॉइलपासून पुरेसं लांब गेल्यावर चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होतं: अंतर दुप्पट, क्षेत्र एक अष्टमांश. नाण्यातल्या एडी करंटचं क्षेत्र परत येताना पुन्हा तोच नियम. जाताना आठवा भाग, येताना त्याचाही आठवा भाग, म्हणजे चौसष्टावा. घन गुणिले घन, म्हणून सहावा घात. कॉइलच्या जवळ परिस्थिती थोडी बरी असते. २५ सेंटीमीटर व्यासाची कॉइल धरून हिशेब केला, तर नाणं २५ सेंटीमीटरवरून एक मीटर खोल नेल्यावर संकेत सुमारे २,२०० पट क्षीण होतो. ही तूट प्रवाह वाढवून भरायची म्हटली, तर प्रवाह २,२०० पट हवा. शक्ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती सुमारे ४८ लाख पट! काही वॉटच्या हातातल्या यंत्राला चक्क वीजकेंद्र जोडावं लागेल. कॉइल मोठी केली की खोल जाता येतं आणि पेटीएवढी वस्तू मीटर-दीड मीटरवरून कळूही शकते, पण मग सुटं नाणं निसटतं.

हाच नियम उलटा वाचला की किनाऱ्यावरचे शोधक वादळाची वाट का पाहतात ते कळतं. ३१ जुलै १७१५ रोजी फ्लोरिडाजवळ चक्रीवादळाने स्पेनच्या राजाच्या खजिन्याची ११ जहाजं बुडवली. नंतर वाचवलेल्या चांदीवर हेन्री जेनिंग्जच्या टोळीने डल्ला मारला, म्हणजे चाचे इथेही आलेच. तिथल्या किनाऱ्यावर आजही नाणी सापडतात, तीही मुख्यतः मोठ्या वादळानंतर. लाटा वाळूचा थर कापून नेतात. क्वार्ट्झच्या वाळूची घनता २.६५, चांदीची १०.५, शुद्ध सोन्याची १९.३, त्यामुळे वाळू जाते आणि नाणी मागे राहतात. थर अर्ध्यावर आला की संकेत चाळीस-पन्नास पटींनी वाढतो. बॅटरीला जे जमत नाही ते समुद्र एका रात्रीत करून देतो.

‘लाँग रेंज लोकेटर’ नावाची यंत्रं मात्र पाचशे मीटरवरून सोनं दाखवल्याचं सांगतात. मुठीत धरायचा दांडा, त्याला सैल फिरणारी तार. पाणाड्याच्या काडीला प्लास्टिकची मूठ बसवली, एवढाच फरक. तार फिरते ती मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. सहाव्या घाताचा नियम यांना लागू होत नाही, कारण यांच्यात मोजमाप करणारं काहीच नसतं. हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रकार नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या असल्याच एका खेळण्यावरून बेतलेलं ‘एडीई ६५१’ बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं. तपासणी नाक्यांवर जवान ते हातात घेऊन उभे होते. २०१३ मध्ये विक्रेत्याला ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

मग सहाव्या घातातून सुटका नाहीच? अर्धी आहे. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, स्वतः काहीच पाठवत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाळूत, पाण्यात, सगळीकडे आधीच पसरलेलं आहे. जहाजाचा लोखंडी नांगर त्या क्षेत्रात पडून राहिला की स्वतः थोडा चुंबक बनतो आणि भोवतालचं क्षेत्र किंचित वाकवतो. आपल्याला फक्त परतीचा प्रवास मोजायचा आहे, म्हणून सहाव्याऐवजी तिसरा घात. मेटल डिटेक्टरने शोधणं म्हणजे अंधारात कंदील घेऊन फिरणं, मॅग्नेटोमीटरने शोधणं म्हणजे उजाडल्यावर बघणं.

जुन्या धाटणीचा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर उघडून पाहिला तर आत काय असतं? रॉकेलची बाटली आणि तिच्याभोवती कॉइल. रॉकेलमध्ये हायड्रोजन भरपूर, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, एक इवलासा चुंबक. कॉइलच्या जोरदार क्षेत्राने या प्रोटॉनना एका दिशेला वळवायचं आणि ते क्षेत्र बंद करायचं. मग ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डोलू लागतात, ५०,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात सेकंदाला सुमारे २,१३० वेळा. हा स्वर कानाला ऐकू येण्याजोगा. क्षेत्र एका नॅनोटेस्लाने बदललं तर स्वर ०.०४ हर्ट्झने सरकतो, आणि एवढा फरक मोजता येतो. ही बाटली नावेमागे लांब दोरखंडावर ओढत न्यायची, म्हणजे नावेचं स्वतःचं लोखंड मध्ये येत नाही.

यातला डंख असा की सोनं आणि चांदी या यंत्राला अजिबात दिसत नाहीत, दोन्ही धातू पृथ्वीचं क्षेत्र वाकवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पुरलेल्या पेटीत असून असून लोखंड किती? बिजागऱ्या आणि कुलूप. बुडालेल्या जहाजात मात्र टनावारी लोखंड असतं: तोफा, नांगर, खिळे. म्हणून ज्यांना चाच्यांचं धन खरोखर सापडलं ते जहाज शोधत होते. सॅम्युएल बेलामी या चाच्याचं विडा जहाज २६ एप्रिल १७१७ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडजवळ वादळात फुटलं. १९८४ मध्ये मॅग्नेटोमीटरने दाखवलेल्या जागा उकरत ते सापडलं, तेही काही मीटर वाळूखाली. पुढच्या वर्षी जहाजाची घंटा वर आली. तिच्यावर जहाजाचं नाव आणि १७१६ हे साल कोरलेलं होतं, त्यामुळे ओळखीचा वाद मिटला.

तरी नाणी सुटी हाती येत नाहीत. समुद्रात गंजणाऱ्या लोखंडातून सुटणारी संयुगं आसपासच्या वाळू-शिंपल्यांना चिकटवत जातात आणि तीनशे वर्षांत तोफेभोवती दगडासारखा गोळा जमतो. नाणी, बटणं, शिशाच्या गोळ्या त्यातच रुतलेल्या असतात. फोडून काढायला गेलं तर आतलं तुटतं, नुसतं वाळवलं तर मीठ स्फटिक होऊन लोखंड सोलवटतं. म्हणून असे गोळे पाण्याच्या टाक्यांत बुडवून ठेवतात, एक्स-रे काढून आत काय कुठे आहे त्याचा नकाशा करतात आणि मग छोट्या हत्यारांनी, विजेचा सौम्य प्रवाह सोडून, महिनोन्‌महिने ते मोकळे करत बसतात.